जी नोंद डॉक्टरकडे परत येते, तीच टिकते

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर संगणकाला हात लावत नाहीत, त्यांना जुनी सवय सोडवत नाही, ही तक्रार मी तालुक्याच्या आढावा बैठकीपासून मुंबईतल्या कार्यशाळांपर्यंत सगळीकडे ऐकली आहे. मला ती मान्य नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आणि पुढे एका धर्मादाय रुग्णालयात संगणकीय नोंदी सुरू करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. या काळात काही प्रणाली गाजावाजा करत आल्या आणि बंद पडल्या. काही मुकाट्याने रुजल्या. जे रुजलं ते का रुजलं, हे मला जवळून पाहता आलं. केनिया, मलावी, छत्तीसगड इथल्या कामांबद्दल वाचलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा अनुभवही आपल्यासारखाच असल्याचं दिसलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

१. डॉक्टरांना तंत्रज्ञानाचं वावडं नसतं

रात्री छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की आम्ही ईसीजी काढायचो, मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायचो आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या हृदयरोगतज्ज्ञांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो. याचं प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं, परिपत्रकही निघालं नव्हतं. निवृत्तीला आलेले, ई-मेलसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेणारे आमचे एक वरिष्ठ सर हे काम सराईतपणे करत. कारण काही मिनिटांत उत्तर येई. हा अटॅक आहे, लोडिंग डोस द्या आणि लगेच हलवा. किंवा आत्ता काही दिसत नाही, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढून पाठवा.

त्याच सरांच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदी मात्र महिनाअखेरपर्यंत तुंबलेल्या असत. माणूस तोच, फोनही तोच. ईसीजीच्या फोटोला उत्तर येत होतं, पोर्टलवर भरलेल्या माहितीला येत नव्हतं. डॉक्टर एखादं साधन वापरतील की नाही, याचा अंदाज मी तेव्हापासून याच एका प्रश्नावरून बांधते: समोरच्या पेशंटसाठी, शक्यतो याच भेटीत, हे साधन डॉक्टरला काय परत देतं? या प्रश्नाला उत्तर नसेल तर सक्ती, नोटिसा आणि बक्षिसं यांचा जोर फार दिवस टिकत नाही.

२. आधी ओपीडीतली मिनिटं मोजा

आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी एकदा पाहावी. बाजाराला आलेली माणसं दवाखानाही उरकून जातात. एका डॉक्टरपुढे शंभरावर केसपेपर येतात. मध्येच पोलीस मेडिकलसाठी आरोपी घेऊन येतात, लेबर रूममधून सिस्टरांचा निरोप येतो, कुणाला विंचू चावलेला असतो. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांमधल्या तपासणीच्या वेळेचा अभ्यास आला होता. बांगलादेशात डॉक्टर एका पेशंटला सरासरी ४८ सेकंद देऊ शकतात, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. साडेबावीस मिनिटांच्या तपासणीसाठी आखलेले संगणकाचे दहा-दहा पडदे पाऊण मिनिटाच्या ओपीडीत आणले, तर डॉक्टरपुढे दोनच वाटा उरतात: पेशंटकडे पाहणं सोडायचं किंवा पडदा रिकामा ठेवायचा. बहुतेक डॉक्टर दुसरी वाट धरतात आणि मला त्यांचं वागणं योग्य वाटतं.

धर्मादाय रुग्णालयात आम्ही काम वाटून घेतलं. नाव, वय, गाव केसपेपरच्या खिडकीवर. वजन, बीपी, ताप सिस्टरांकडे. डॉक्टरकडे फक्त निदान आणि औषधं, तीही नेहमीच्या आजारांसाठी आधीच तयार केलेल्या याद्यांमधून. जुन्या बीपी-शुगरच्या पेशंटची मागची औषधं एका बटणावर पुन्हा यायची. त्या दिवसापासून डॉक्टरांची कुरकुर कमी झाली, कारण तीच औषधं दर महिन्याला हाताने लिहिणं वाचलं.

डॉक्टरने स्वतः टाइप केलंच पाहिजे असंही नाही. केनियातल्या एल्डोरेट परिसरात एचआयव्हीच्या उपचारांसाठी ‘ओपनएमआरएस’ ही खुली प्रणाली २००४च्या सुमारास आकाराला आली. तिथे सुरुवातीची वर्षं डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी कागदी फॉर्मवरच लिहीत. कारकून ती माहिती संगणकात भरत आणि पुढच्या भेटीत पेशंटचा छापील गोषवारा डॉक्टरच्या हातात येई. त्यात प्रतिकारशक्ती मोजणारी सीडी-४ तपासणी राहून गेल्याची आठवणही असे. डॉक्टरला कळफलक शिकावा लागला नाही, पण माहिती त्याच्याकडे परत आली. सुरुवातीला तेवढं पुरतं.

३. एकच गोष्ट एकदाच लिहू द्या

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला येते, तेव्हा तिची माहिती उपकेंद्रातल्या परिचारिका, म्हणजे एएनएम ताई, माता-बाल आरोग्याच्या आरसीएच रजिस्टरमध्ये लिहितात, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात, मग आरसीएच पोर्टलवर भरतात. महिनाअखेरीला अशा सगळ्या बायांची बेरीज एचएमआयएस या आरोग्य माहिती प्रणालीच्या मासिक अहवालात जाते. बीपी वाढलेलं निघालं तर जोखमीच्या मातांच्या यादीत पुन्हा तेच. बाळंतपणाला आली की लेबर रूमच्या रजिस्टरात पुन्हा तेच. हिमोग्लोबिनचा आकडा एक, लिहिण्याच्या जागा अनेक.

यात वाईट हेतू कुणाचाच नाही. एचएमआयएस २००८ साली आलं, क्षयरोगासाठी ‘निक्षय’ २०१२ साली, साथरोगांच्या नोंदीसाठी आयएचआयपी २०२१ साली. मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीचं वेगळं अ‍ॅप आलं, लसीकरणाचं वेगळं. ज्या-त्या विभागाची गरज खरी होती. प्रत्येकाने आपापला लॉगिन दिला आणि ते सगळे लॉगिन एकाच सिस्टरच्या टेबलावर येऊन मिळाले. वरच्या कार्यालयात जे विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात, ते खाली उपकेंद्रात एकाच बाईच्या डोक्यावर बसतात, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी अडचण कागदाची. ‘थोडे दिवस दोन्ही चालू ठेवा’ असं सांगितलं जातं आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. कारण लेखापरीक्षणाला आलेले साहेब रजिस्टरच मागतात. म्हणून कुठली वही कोणत्या तारखेपासून बंद होणार आणि संगणकातली छापील प्रत तपासणीला चालणार, हे वरून लेखी घेतल्याशिवाय नवी प्रणाली सुरू करू नये. आम्ही सगळ्यात आधी प्रयोगशाळेचं रजिस्टर बंद केलं. रिपोर्ट थेट वॉर्डातल्या पडद्यावर दिसू लागले, रिपोर्टसाठी वॉर्डबॉय मामांना पळवणं थांबलं, हरवलेल्या चिठ्ठीपायी पुन्हा रक्त काढणं थांबलं. संगणकीकरण कुठून सुरू करावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: लॅबपासून. तिथे डॉक्टरला पहिल्याच दिवशी फायदा दिसतो.

४. आधी सिस्टरांशी बोला

महाराष्ट्रात एमबीबीएस झालेला डॉक्टर बंधपत्रावर वर्षभरासाठी येतो आणि वर्ष संपलं की पीजीच्या अभ्यासाला लागतो. सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन तिथेच राहतात. प्रणाली टिकवणारी माणसं तीच. तरीही बैठकीला बोलावणं डॉक्टरला जातं, प्रात्यक्षिक डॉक्टरला दाखवलं जातं आणि भरायचं काम सिस्टरांवर येतं.

प्रशिक्षणाचंही तसंच. जिल्ह्याच्या सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवून कुणी शिकत नाही. वॉर्डात सिस्टरांच्या शेजारी स्टूल टाकून बसावं, त्यांच्याच पेशंटची नोंद त्यांच्याच हातांनी करून घ्यावी, अडलं तिथे थांबावं. प्रत्येक ठिकाणी एखादी सिस्टर किंवा एखादा ब्रदर असा निघतो की बाकीचे त्यालाच हाक मारतात. त्या माणसाला ओळखून त्याच्या ड्युटीतून थोडा वेळ या कामासाठी अधिकृतपणे मोकळा करून द्यावा. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या डॉक्टरनेच शिकवलेलं चांगलं. ज्येष्ठ डॉक्टर सगळ्यांसमोर ऑपरेटरला शंका विचारायला संकोचतात, बरोबरीच्या सहकाऱ्याला सहज विचारतात.

ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेच्या बाबतीतही मला माणसांचंच महत्त्व दिसलं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पलीकडचे डॉक्टर नावाने ओळखीचे झाले, एकदा प्रत्यक्ष भेट झाली, की तिथून येणारे कॉल वाढतात आणि विचारलेले प्रश्नही नेमके होतात. अनोळखी पडद्यावर कुणी आपला पेशंट सहजासहजी सोपवत नाही.

५. वीज जाणार, रेंज जाणार, असं धरूनच चाला

पावसाळ्यात दुपारभर वीज नसणं आणि डोंगराआड रेंज नसणं ही आपल्याकडची रोजची स्थिती आहे. ती अपवाद मानून आखलेली प्रणाली सर्व्हर बंद असल्याच्या पहिल्याच मोठ्या ओपीडीला विश्वास गमावते. एकदा गेलेला विश्वास परत मिळवायला महिने लागतात, कारण त्या दिवशी काढलेली वही पुन्हा कपाटात जात नाही.

गरिबीतून वाट काढणाऱ्या ठिकाणांनी याचे चांगले धडे घालून दिले आहेत. मलावीतल्या लिलाँग्वे इथे बाओबाब हेल्थ या संस्थेने कळफलक काढून टाकून बोटाने चालवायचे पडदे दिले, कमी विजेवर चालणारी यंत्रं निवडली आणि वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून बॅटरीची सोय आधीपासूनच केली. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारी इथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयात ‘बहमनी’ ही खुली प्रणाली घडली. तिथे सर्व्हर रुग्णालयातच होता, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी ओपीडी अडत नव्हती. प्रणाली बनवणारे लोक त्या रुग्णालयात जाऊन राहिले, डॉक्टरांच्या शेजारी बसले. पुढे ती इतर देशांतही वापरली गेली. ज्या अडचणी श्रीमंत देशांच्या प्रणालींनी कधी पाहिल्या नाहीत, त्या गनियारीने आधी सोडवल्या होत्या.

६. माणसं फिरतात, नोंद त्यांच्यामागे जायला हवी

संगणकाची खरी गरज मला ऊसतोड कामगारांनी पटवून दिली. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर इथून लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या पट्ट्यात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उन्हाळा तोंडावर आला की परततात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. म्हणजे गावात सुरू झालेला उपचार उसाच्या फडात पूर्ण करावा लागतो. सहाव्या महिन्यातली गरोदर बाई कोयत्यावर जाते आणि बाळंतीण होऊनच घरी येते. तिचं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं होतं, हे तिकडच्या डॉक्टरला कुणी सांगायचं? कार्ड खोपीत भिजलेलं असतं.

इथे कागद कमी पडतो आणि संगणक उपयोगी पडतो. ‘निक्षय’वर पेशंटचा क्रमांक असला की तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे वर्ग करता येतो आणि तिथल्या कर्मचाऱ्याला कोणती औषधं किती दिवस झाली ते दिसतं. पेशंटचाही यात थेट फायदा आहे: २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये, याच नोंदीच्या आधाराने बँक खात्यात जमा होतात. म्हणून ही नोंद करताना डॉक्टरला वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक हीच सोय सगळ्या आजारांसाठी करू पाहतो. मला त्याची आशा आहे. मात्र घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात फडात असतो. ओटीपी तिकडे जातो, बाई इकडे खिडकीवर उभी राहते. सिमकार्डं बदलतात, नंबर बंद होतात. ज्यांना फिरत्या नोंदीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याचकडे ती उघडायची किल्ली नसते. ही सोय करताना ऊसतोड करणारी बाई डोळ्यांसमोर ठेवली, तर ती सोय इतर सगळ्यांना आपोआप पुरेल.

७. नावं, वयं आणि दुखणी आपल्याकडची आहेत

एकच आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांची शाळेतली तारीख १ जून. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. शोधल्यावर जुनी नोंद सापडली नाही की ऑपरेटर नवी उघडतो आणि एका पेशंटच्या तीन अर्धवट नोंदी तयार होतात. डॉक्टरला त्यातली एखादी दिसते, पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद दुसरीकडेच राहते. मराठीत नाव लिहिण्याची आणि गाव, वाडी, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव यांवरून शोधण्याची सोय हवीच. तसंच, यादीतून आजार निवडण्यासोबत मोकळं लिहायला थोडी जागा ठेवावी. मुलगी सासरी जाऊन आली की जेवत नाही, हे कुठल्याच यादीत बसत नाही. डॉक्टरला मात्र तेच आठवायला हवं असतं.

८. नोंद करणाऱ्यालाच ती वाचायला द्या

महाराष्ट्रात नोंदींची मोठी परंपरा आहे आणि ती संगणकाच्या आधीची आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाच्या पेशंटजवळ बसून नाडी, बीपी, श्वास यांच्या नोंदी ठेवत गेले. त्या निरीक्षणांच्या पायावर उभं राहिलेलं प्राझोसिनच्या उपचाराचं काम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळांच्या नोंदी ठेवायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आणि घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत पुढे आशाताईंच्या कामात देशभर आली.

या दोन्ही ठिकाणी ज्यांनी लिहिलं त्यांनीच वाचलं आणि त्यावरून काय करायचं ते ठरवलं. आजच्या बहुतेक पोर्टलवर लिहिणारी माणसं इथे आणि वाचणारी दूर राजधानीत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत साधारण तीस हजार, आदिवासी भागात वीस हजार माणसं राहतात. त्यांतल्या किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, कोण दोन महिने गोळ्या न्यायला आलं नाही, कोणत्या वाडीत तापाचे पेशंट वाढले, ही यादी तिथल्या डॉक्टरला सोमवारी सकाळी आपल्याच पडद्यावर दिसली पाहिजे. आम्ही गोळ्या चुकवणाऱ्यांची छापील यादी आशाताईंना देऊ लागलो, तेव्हा माहिती भरण्यासाठी कुणाच्या मागे लागावं लागलं नाही. आपल्या यादीत नाव चुकलं तर आशाताईच येऊन दुरुस्त करून घेत.

पेशंटलाही वाचायला द्यावं. मी पडदा तिरपा करून बीपीचा आलेख दाखवायचे. गोळ्या बंद केल्यावर रेघ कशी वर चढली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या दिवशी वाद घालत नसे. डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये येणारा पडदा दोघांनी मिळून पाहायचा झाला की तो अडचण राहत नाही.

९. आकड्यांची भीती बसली की आकडे खोटे होतात

पोर्टलवरचे आकडे घेऊन आढावा बैठकीत सगळ्यांसमोर उभं करणं आणि लाल रंगातल्या केंद्रांची नावं वाचून दाखवणं, हे मी पाहिलं आहे. त्याचा परिणाम एकच होतो: पुढच्या महिन्यात आकडे सुधारतात आणि दवाखाना होता तसाच राहतो. ज्या डॉक्टरने खरेपणाने जोखमीच्या माता जास्त दाखवल्या, बालमृत्यू लपवला नाही, त्याचीच जास्त विचारपूस होत असेल तर पुढच्या वेळी तो कमी लिहील. मातामृत्यूची नोंद ही पुढची आई वाचवण्यासाठी असते. जबाबदारी ठरवणं आणि शिकणं या दोन्हींसाठी एकच फॉर्म वापरला की शिकणं मागे पडतं. अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की आकडा वाईट दिसला तर पहिला प्रश्न ‘काय कमी पडतंय?’ हा असू द्या.

१०. पेशंटचा विश्वास पासवर्डपेक्षा मोठा आहे

लहान गावात डेटा एन्ट्री ऑपरेटर हा कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी शेजारी असतो. एचआयव्हीची तपासणी, गर्भपात, मानसिक आजाराच्या गोळ्या, क्षयरोग: यांतलं काहीही बाहेर पडलं तर लग्न मोडतं, बाई घराबाहेर काढली जाते. आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी संपूर्ण दवाखान्याचा पासवर्ड एकच, तोही मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. एचआयव्हीबाबतच्या २०१७च्या कायद्यात आणि २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात गोपनीयतेची तरतूद आहे, पण ती दवाखान्याच्या टेबलापर्यंत आपण पोहोचवली पाहिजे. ज्याला ज्या कामापुरतं लागतं तेवढंच दिसावं, प्रत्येकाचा लॉगिन वेगळा असावा, कुणी कुठली नोंद उघडली याचा माग राहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ईसीजी पाठवतानाही नाव झाकावं आणि काम झालं की फोटो पुसावा. संवेदनशील गोष्टी डॉक्टर पडद्यावर लिहायचं टाळतात, त्याच्या मुळाशी पेशंटचं रक्षण करण्याची इच्छा असते. तिचा आदर करणारी प्रणालीच त्यांना आपली वाटेल.

११. यंत्र आणणं सोपं, सांभाळणं अवघड

उद्घाटनाला पैसे असतात, प्रिंटरच्या टोनरला नसतात. पथदर्शी प्रकल्पाची मुदत संपली, कंत्राट संपलं, की माहितीसकट सगळं बंद पडतं आणि जुन्या पेशंटच्या नोंदी कुणालाही उघडता येत नाहीत. हे फक्त गरीब देशांत होतं असंही नाही. इंग्लंडने २००२ साली सगळ्या रुग्णालयांसाठी एकच मोठी राष्ट्रीय योजना आखली आणि अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली ती गुंडाळायचं ठरवलं. तिथल्या डॉक्टरांचीही मोठी तक्रार हीच होती, की आम्हाला नीट विचारलं गेलं नाही. आपल्याकडे तेवढे पैसे वाया घालवायची ऐपत नाही. म्हणून करारात तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: पेशंटची माहिती रुग्णालयाची राहील आणि कधीही पूर्ण बाहेर काढता येईल, दुरुस्तीला माणूस किती वेळात येईल, आणि पाच वर्षांचा देखभालीचा खर्च कुठून येईल. यांची उत्तरं नसतील तर चांगली वहीच बरी.

शेवटी तिघांना सांगणं आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तरुणांनो, पहिली ओळ लिहिण्याआधी एखाद्या ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत डॉक्टरच्या शेजारी बसा. आरोग्य खात्यातल्या वरिष्ठांनो, नवं पोर्टल सुरू करण्याचा आदेश काढाल त्याच कागदावर कोणतं जुनं रजिस्टर बंद होणार ते लिहा आणि खालून मागवलेली प्रत्येक माहिती खाली परत कशी जाणार तेही लिहा. आणि माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो, तुम्हीही दूर उभे राहू नका. चांगली नोंद हा उपचाराचाच भाग आहे, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकलो. प्रणाली ठरवण्याच्या बैठकीत हक्काने जाऊन बसा, काय लागतं ते स्पष्ट सांगा, जे निरुपयोगी आहे त्याला कारणासह नकार द्या आणि जे पेशंटच्या कामाचं आहे ते मनापासून वापरा.